नागदेवी स्ट्रीटवरचे भरीव स्टील बॉल: हाताच्या व्यायामासाठी घ्यायचे तर हेच घ्या

सरळ मुद्द्यावर येतो. हाताच्या ताकदीसाठी आणि बोटं मोकळी राहावीत म्हणून ते चायनीज बाओडिंग बॉल घ्यायचा विचार असेल तर मखमली डबीतले, वरून ड्रॅगनची मीनाकारी केलेले, हलवले की आतून किणकिण वाजणारे घेऊ नका. साधे भरीव स्टीलचे गोळे घ्या आणि तेही बेअरिंगवाल्याकडून. मी दोन्ही प्रकार भरपूर वापरलेत, डबीतले आता आईकडे आहेत (त्याचं पुढे सांगतो) आणि माझ्या टेबलावर बेअरिंगचे आहेत, रोज हातात असतात.

आधी ही वस्तू काय आहे ते थोडक्यात, कारण खूप जण विचारतात. चीनच्या हबेई प्रांतात बीजिंगच्या नैऋत्येला बाओडिंग नावाचं जुनं शहर आहे, तिथले हे गोळे. तिकडे म्हणच आहे की बाओडिंगच्या तीन वस्तू नामी, लोखंडी गोळे, गव्हाच्या कणकेपासून मुरवलेली एक सॉसची पेस्ट, आणि मोहरीच्या जातीच्या पाल्याचं लोणचं. म्हणजे गावाची ओळख सांगताना लोणच्याच्या पंगतीत हे गोळे येतात, इतके ते रोजच्या जगण्यातले आहेत. मिंग राजवटीपासून ते बनतात असं मानतात. सुरुवातीला भरीव लोखंडाचेच असायचे, पोकळ आणि आत घंटीसारखी पट्टी बसवलेले नंतर आले. त्या वाजणाऱ्या जोडीत एका गोळ्याचा आवाज मुद्दाम खालचा ठेवतात आणि दुसऱ्याचा वरचा, एक ड्रॅगन आणि एक फिनिक्स. बीजिंगकडे म्हातारी माणसं अक्रोडाची जोडीसुद्धा अशीच हातात फिरवतात, वर्षानुवर्षं फिरवून त्या अक्रोडांना लाल तपकिरी चकाकी येते आणि चांगल्या जुळत्या जोडीला मोठी किंमत मिळते. करायचं सगळीकडे एकच, दोन गोळे तळहातावर ठेवायचे आणि फक्त बोटांनी एकमेकांभोवती फिरवायचे, मनगट न हलवता.

ऐकायला सोपं वाटतं पण हे सोपं अजिबात नाहीये. रोबोटवाल्यांना विचारा. माणसाच्या हातासारखा 24 सांध्यांचा रोबोट हात असतो, त्याला हे दोन गोळे फिरवायला शिकवणं हा त्या क्षेत्रात अवघड परीक्षा म्हणून वापरतात. 2019 मध्ये गूगल आणि अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या लोकांनी साधारण 4 तासांच्या सरावाच्या डेटावर ते जमवून दाखवलं तेव्हा ती बातमी होती. नंतर 2022 मध्ये कॉम्प्युटरमधल्या 39 स्नायूंच्या हाताकडून हेच करून घ्यायची खुली स्पर्धासुद्धा झाली. म्हणजे जे काम बाओडिंगमधले आजोबा बाकावर बसून गप्पा मारत करतात त्यात इतकं काही भरलेलं आहे. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं खरं सांगतो, कारण पहिले काही दिवस माझ्याकडून एक गोल धड पूर्ण होत नव्हता.

मी का सुरू केलं तर दिवसभर कीबोर्ड आणि संध्याकाळी तबला. कीबोर्डने बोटं आखडतात, आणि तबल्यात अनामिका हा माझा कायमचा अडलेला भाग. ‘ना’ हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकी टेकलेली राहिली पाहिजे आणि तर्जनीने किनारीवर मारायचं, इथे माझी अनामिका एकतर दाबून बसायची नाहीतर तर्जनीबरोबर उचलली जायची. याचं कारणही आहे, बोटं वर उचलणाऱ्या शिरांपैकी (रक्ताच्या नव्हे, स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांच्या शिरा हाताच्या पाठीवर एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात त्यामुळे अनामिका एकटी उचलणं कुणालाच नीट जमत नाही. तळहात टेबलावर पालथा ठेवून, मधलं बोट आत दुमडून अनामिका उचलून बघा, कळेल. ती बांधणी बदलता येत नाही पण त्या बोटावरचा ताबा वाढवता येतो.

तर आधी ऑनलाइन डबी मागवली. पोकळ, क्रोम प्लेटिंगवाली. दिसायला छान, पण वजन हाताला जाणवतच नव्हतं, बोटांनी नुसतं टिचकी मारल्यासारखं ढकललं की गोळा पळतो, त्यामुळे सवय लागते ती झटके देण्याची. आत छोटा गोळा हिंदकळत असतो म्हणून वजनाचा मध्य सारखा सरकतो. आवाज पहिल्या दिवशी आवडतो आणि ऑफिसच्या कॉलवर चार लोक विचारतात की हे काय वाजतंय. शिवाय मुंबईच्या पावसाळ्यात प्लेटिंगला बारीक फोड आले आणि खाली गंजाचे ठिपके, मग ते हातावर काळे लागायला लागले. डबीबरोबर एक कागद येतो त्यावर रक्तदाब, मेंदू, किडनी, झोप सगळं बरं होतं असं लिहिलेलं असतं. त्यासाठी कृपया घेऊ नका. बोटांचा व्यायाम म्हणून ही वस्तू चांगली आहे आणि तेवढं पुरे आहे, रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

आता खरी गोष्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नागदेवी स्ट्रीट म्हणजे मस्जिद बंदर आणि क्रॉफर्ड मार्केटच्या मधला तो हार्डवेअर, टूल्स, बेअरिंग, पंप, नटबोल्टचा पट्टा. हातगाड्या, माथाडी, टेम्पो सगळं एकाच गल्लीत. शनिवारी दुपारी गेलो तर पाय ठेवायला जागा नव्हती, तुम्ही जमलं तर आठवड्यात सकाळी जा, आणि रविवारी जाऊ नका, बाजार बंद असतो. दोन-तीन दुकानांतून हात हलवत परत आलो कारण ते डझनाशिवाय बोलत नाहीत किंवा अर्धा इंचाच्या वर माल ठेवत नाहीत. मग एका आतल्या बोळातल्या छोट्या दुकानात काकांनी विचारलं, "व्हॉल्व्हला पाहिजे का प्रेसला?" मी म्हटलं हाताला पाहिजे, व्यायामाला. त्यांनी काहीही न बोलता खालचा ड्रॉवर उघडला आणि तेलकट कागदात गुंडाळलेले तीन साइजचे बॉल काउंटरवर मांडले, खाली एक रबरी मॅटचा तुकडा टाकून, म्हणजे पळू नयेत. "हातात घेऊन बघा, घाई नाही." मला त्या माणसाची ही गोष्ट इतकी आवडली. ऑनलाइन हे कुठे मिळणार, साइज हातात धरून बघणं हाच या खरेदीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

साइज नीट समजून घ्या कारण इथेच लोक फसतात. बेअरिंगच्या बाजारात मोठे बॉल इंचात चालतात, जुने लोक सुतात सांगतात (एक इंचाचे आठ सूत). दीड इंची म्हणजे बारा सूत, भरीव स्टीलमध्ये एक गोळा साधारण 226 ग्रॅम. पावणेदोन इंची साधारण 360 ग्रॅम. दोन इंची साधारण 535 ग्रॅम. म्हणजे जोडी धरली तर दीड इंचीला हातावर अर्धा किलोच्या आत आणि दोन इंचीला किलोच्या वर. व्यास अर्धाच इंच वाढला पण वजन सव्वादोन पटीच्या पुढे गेलं, गोळ्याचं वजन व्यासाच्या घनाने वाढतं म्हणून. त्यामुळे "एक साइज मोठा दे" असं सहज म्हणू नका. माझा हात मध्यम आहे, मी पावणेदोन इंचीने सुरुवात केली आणि नंतर दोन इंची घेतले. हात लहान असेल, किंवा मनगट नाजूक असेल तर दीड इंची, लाज वाटायचं कारण नाही. ज्या साइजला दोन्ही गोळे तळहातावर शेजारी शेजारी बसतात आणि बोटं त्यांच्याभोवती थोडी वळतात तो तुमचा साइज. गोळा बोटांच्या बाहेर लोंबत असेल तर मोठा झाला.

धातूबद्दल. काकांनी विचारलं EN31 देऊ का स्टेनलेस. EN31 हे बेअरिंगचं नेहमीचं स्टील, साधारण 1 टक्का कार्बन आणि दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम, कडक करून आरशासारखं पॉलिश केलेलं. त्याला क्रोम स्टील म्हणत असले तरी ते गंजतं, न गंजायला साडेदहा टक्क्यांच्या पुढे क्रोमियम लागतं. घामाच्या हातात EN31 रात्रभर तसंच ठेवलं तर बोटांचे ठसे सकाळी तपकिरी झालेले दिसतात. पण कडकपणामुळे त्याला ओरखडे पडत नाहीत आणि स्वस्त पडतं. स्टेनलेसमध्ये 304 मिळतं, ते गंजाला छान पण मऊ असल्यामुळे एकमेकांवर आपटून बारीक खड्डे पडतात, आणि त्यात 8 टक्क्यांच्या आसपास निकेल असतं, ज्यांना नकली दागिन्यांनी खाज येते त्यांनी हे लक्षात ठेवा. 440C मिळालं तर ते दोन्ही बाजूंनी चांगलं, कडकही आणि बऱ्यापैकी न गंजणारं, पण महाग आणि मोठ्या साइजमध्ये सहज नसतं. मी EN31 घेतले. जोडी मला ऑनलाइन डबीपेक्षा थोडी महाग पडली, पण डबीसारखी प्लेटिंग उडण्याचा प्रश्नच नाही.

गोलाईचा ग्रेड विचारायची गरज नाही खरं तर, पण कौतुक म्हणून सांगतो. बेअरिंगचा साधा मानला जाणारा G100 ग्रेडचा बॉलसुद्धा अडीच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत गोल असतो. हाताला त्याच्या शतांशही लागत नाही. पण हातात घेतल्यावर जो गुळगुळीतपणा जाणवतो ना, तेल धुतल्यावर, तो डबीतल्या कुठल्याच गोळ्याला नाही. दोन गोळे एकमेकांवरून सरकतात तेव्हा घर्षण जाणवतच नाही, आवाजही हलकासा.

आणि दोन गोष्टी घेऊ नका. भंगारवाल्याकडे सिमेंट कारखान्यातल्या बॉल मिलचे जुने गोळे मिळतात, किलोवर, स्वस्त. ते ओतीव किंवा फोर्ज केलेले असतात, मिलमध्ये झिजून वाकडेतिकडे झालेले, पृष्ठभाग खरखरीत. आणि शिशाचे गोळे तर अजिबातच नको. लहान साइजमध्ये जास्त वजन म्हणून कुणीतरी सुचवतं, पण शिसं हाताला लागतं, हातातून तोंडात जातं, विषारी आहे, घरात लहान मूल असेल तर विचारही करू नका.

घरी आणल्यावर काय करायचं. तेल लावलेलं असतं, भांड्याच्या साबणाने दोनदा धुवायचे, लगेच कोरडे पुसायचे. सुरुवातीला बसून, मांडीवर जाड चादर किंवा गोधडी टाकून फिरवा. अर्ध्या किलोचा गोळा लादीवर पडला तर लादीचा टवका जातो, पायाच्या अंगठ्यावर पडला तर विचारू नका, आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तर खालचे येतील भांडायला. रांगतं मूल आजूबाजूला असताना तर मी हातात घेतच नाही.

फिरवताना दोन दिशा आहेत आणि दोन्हीचं काम वेगळं. एका दिशेला अंगठा गोळा पुढे बोटांकडे ढकलतो आणि करंगळी-अनामिका मिळून दुसरा गोळा तळव्याकडे ओढतात. उलट्या दिशेला अंगठा आत ओढून घेतो आणि करंगळीच्या बाजूची बोटं दुसऱ्याला पुढे सरकवतात. बहुतेकांना एक दिशा पटकन येते आणि दुसरी महिनोन् महिने रडवते. जी रडवते तिच्यावर वेळ घालवा, मला अनामिकेचा फायदा तिथूनच झाला. डावा हात सोडू नका, डाव्याला उजव्यापेक्षा दुप्पट वेळ द्या. आधी गोळे एकमेकांना टेकलेले ठेवून हळू फिरवायचे. ते सफाईने झालं की मग न टेकवता, मधे फट ठेवून. इथे खरा कस लागतो आणि इथेच जड गोळ्याचं महत्त्व कळतं, जड गोळा झटक्याने हलत नाही, त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटाने सोबत द्यावी लागते, जरा हात सुटला की ठण्णकन आपटतो. हलक्या गोळ्यात चूक लपते, जडात लपत नाही. म्हणून मी भरीवच घ्या म्हणतो.

आता ताकदीचं. इथे मी स्पष्ट बोलतो कारण विकणारे काहीही सांगतात. यानं पकड लोखंडासारखी होते वगैरे खरं नाही. बोटांमध्ये स्वतःचे स्नायूच नसतात, बोटं दुमडणारे मोठे स्नायू कोपराच्या खाली पुढच्या हातात असतात आणि शिरा मनगटातून बोटांपर्यंत येतात. घट्ट मूठ आवळायची ताकद त्या मोठ्या स्नायूंची, ती हवी असेल तर बारला लटका, जड बादल्या दोन्ही हातांत घेऊन चाला, दोरीचा मल्लखांब करा, चांगलं स्प्रिंगचं ग्रिपर घ्या. आखाड्यातल्या पैलवानाचा पंजा गोळे फिरवून झालेला नाही. गोळ्यांनी काम होतं ते तळहातातल्या छोट्या स्नायूंचं, अंगठ्याच्या मुळाशी जो उंचवटा असतो तिथले आणि बोटांच्या मधल्या जागेतले, जे बोटं फाकवतात, जवळ आणतात, अंगठा समोर आणतात. आणि दम. दोन इंची जोडी पाच मिनिटं न थांबता फिरवली की पुढचा हात भरून येतो, हे खरंच होतं, ट्राय करून बघा. ट्रेकिंगवाल्या, क्लाइंबिंगवाल्या मित्रांना मी हे सांगतो की कड्यावर लटकायची ताकद यातून येणार नाही, पण चढाई झाल्यावर आखडलेली बोटं सोडवायला याच्यासारखं काही नाही, त्यातल्या एकाने तर माझीच पावणेदोन इंची जोडी उचलून नेली.

तबल्याचं काय झालं. स्पीड वाढला नाही. तिरकिट जिथे होतं तिथेच आहे, ते रियाजानेच वाढणार. पण ‘ना’ला अनामिका आता जागेवर राहते, आणि बसल्या बसल्या हात मोकळा असतो, पूर्वी पहिली दहा मिनिटं नुसती बोटं सोडवण्यात जायची ती जात नाहीत. गुरुजींना दाखवले तर त्यांनी हातात घेतले, दोन मिनिटांत दोन्ही दिशांना फिरवून परत दिले (पन्नास वर्षांचा हात आहे तो) आणि म्हणाले, "वाजवायच्या आधी कर, वाजवण्याच्या ऐवजी नको." हेच मी सगळ्या वादकांना सांगेन. आणि बैठकीच्या आधी लगेच जड गोळे फिरवू नका, हात थकलेला असतो आणि बोल जड निघतात, अर्धा पाऊण तास मधे जाऊ द्या.

आईची गोष्ट राहिली. तिची बोटं सकाळी आखडलेली असतात, थंडीत जास्त. तिला माझे स्टीलचे गोळे दिले तर उचलूनच परत ठेवले, जड आहेत. ते डबीतले पोकळ मात्र तिला आवडले, गंजाचे ठिपके बारीक पॉलिश पेपरने घासून दिले, आता सकाळी चहा होईपर्यंत फिरवते आणि तो आवाज तिला आवडतो, मला ज्याचा त्रास व्हायचा तोच. म्हणजे पोकळ गोळे टाकाऊ नाहीत. वयस्कर माणसाला, हलकी हालचाल हवी असणाऱ्याला ते योग्य आहेत, फक्त ताकद-नियंत्रण म्हणून विकत घेऊ नका. सांध्यांना सूज असेल, बोटांत मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल तर मात्र आधी डॉक्टर किंवा फिजिओ, कुठलेही गोळे नंतर. आणि निरोगी हाताला पण, अंगठ्याच्या मुळाशी टोचल्यासारखं दुखलं तर त्या दिवशी बंद. भरून येणं वेगळं आणि दुखणं वेगळं.

देखभाल फार नाही. फिरवून झाले की सुती कापडाने पुसायचे, पावसाळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब चोळून कोरड्या कापडात गुंडाळून ठेवायचे, स्टीलच्या डब्यात नको, मोज्यात किंवा जाड पिशवीत. ठिपका आलाच तर मेटल पॉलिशने पटकन जातो.

दोन गोळे दोन्ही हातांनी, दोन्ही दिशांना, न आपटता जमायला लागले की तिसऱ्याची हाव सुटते. तीन गोळे एका हातात फिरवायला साइज खाली उतरवावा लागतो, मी तीनला दीड इंची वापरतो, दोन इंची तीन म्हणजे दीड किलोच्या वर होतात आणि तळहातावर मावतही नाहीत. तर दीड इंची घेणार असाल तर पहिल्याच फेरीत तीन घेऊन ठेवा, एकाच पेटीतले, कारण नंतर वेगळ्या मालातला एक आणला तर चकाकी जुळत नाही आणि काकांकडे तो साइज दर वेळी असेलच असं नाही, मला तिसऱ्यासाठी पुन्हा पूर्ण नागदेवी पालथी घालावी लागली.